एका वेळी किती पाहुणे?

“एका वेळी किती माणसं येतील?” असं बिश्केकच्या त्या मुलीने मला फोनवर विचारलं आणि मी तिला चांगलंच झाडलं. आमच्या नारीनच्या डोंगरातल्या माणसाला हा प्रश्न विचारतात का? पाहुणे किती येणार हे आधी मोजणारा आमच्याकडे एक तर कंजूस असतो, नाही तर पोलीस.

“जितके येतील तितके येतील,” मी म्हणालो. “दारातून कुणाला परत पाठवायची आमच्या घराण्यात रीत नाही.”

“रीत चांगली आहे, मुकाश आगा,” ती म्हणाली, “पण सर्व्हरला रीत कळत नाही. त्याला आकडा लागतो.”

तिचं नाव आयदाय. इंटरनेटवर साइटसाठी जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीत ती होती आणि तिच्या आवाजात एक भयंकर शांतपणा होता. असा शांतपणा मी फक्त दात काढणाऱ्या डॉक्टरांकडे ऐकलाय.

मला साइट कशाला हवी होती, ते सांगतो. आमच्यात सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही. सात पूर्वजांची नावं ज्याला सांगता येत नाहीत तो गुलाम, असं म्हणतात. पूर्वी हे सगळं म्हाताऱ्यांच्या डोक्यात असायचं. आता म्हातारे गेले, तरुण मॉस्कोला गेले, आणि लग्न ठरलं की दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या पणज्यांवरून हमरीतुमरीवर यायला लागले. म्हणून मी ठरवलं की आपल्या अख्ख्या कुळाची वंशावळ साइटवर टाकायची. दोन नावं लिहा, बटण दाबा, दोघं कितव्या पिढीत भेटतात ते लगेच समोर. नाव लिहा, निकाल घ्या, चहा प्या.

साइट बांधली माझ्या मुलीने, नुरिलाने. ती बिश्केकमध्ये संगणक शिकून आलीये. पण होस्टिंगची जागा मी निवडणार, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. तीस वर्षं मी नारीनच्या भूमापन कार्यालयात काढली. अर्ध्या जिल्ह्याला कुंपण कुठे घालायचं ते मी सांगितलंय. जागा घ्यायची म्हटल्यावर पोरीला पुढे करून मी घरात बसू?

“ही जमीन नाहीये, बाबा,” नुरिला म्हणाली. “लोड बघून घ्यावं लागतं.”

“लोड मला नको शिकवूस,” मी म्हणालो, आणि खोलीत जाऊन लोड म्हणजे काय याचा विचार करायला लागलो.

विचार करून मी आयदायला फोन केला. म्हणालो, “बाळ, भार मोठा आहे. चार हजार नावं आहेत. त्यात नऊ योद्धे आणि दोन काझी. वजनदार माणसं आहेत सगळी.”

 ती म्हणाली, “आगा, मेलेल्यांचा भार नसतो. चार हजार नावं एका फोटोएवढ्या जागेत मावतात. भार असतो जिवंत माणसांचा. एकाच क्षणी किती जण दार ठोठावतात, त्याचा.”

हे मला पटलं नाही. आमच्या घराण्यात मेलेल्यांचाच भार आयुष्यभर सोसावा लागतो. पण ते तिला कुठे सांगत बसू?

आता ही बातमी शेजारी जायला किती वेळ लागणार? आमच्या डाव्या हाताला जेनाली राहतो. गावातल्या मेजवान्यांना कढई सांभाळणारा हाच. वीस मेंढ्या एका दिवसात शिजवलेला माणूस, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न तो कढईवर आणून ठेवतो. या खेपेला मात्र, खोटं का बोला, आयदायचं म्हणणं मला त्यानेच समजावलं.

“अरे मुकाश,” तो म्हणाला, “तीनशे माणसं दिवसभरात एकेक करून आली ना, तर माझी लहान कढई पुरते. एक जेवून उठला, दुसरा बसला. पण तीच तीनशे एकदम बसली, की मोठ्या तीन कढया लागतात, वाढपी लागतात, आणि तरी कुणी तरी रुसतोच. दिवसाला किती, हा प्रश्नच नाही. एका पंगतीला किती, ते बोल.”

“मग किती मोठी घेऊ?”

“सगळ्यात मोठी! कढई कमी पडली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.”

उजव्या हाताला झूरा एजे, सगळ्या गल्लीची थोरली बहीण. बेकरी चालवते, आणि लोकांना भाजून काढायचं कामही तीच करते. ती म्हणाली, “कोण बघणारेय तुझे आजे-पणजे? स्वतःचे बघायला लोकांना सवड नाही. लहानातली लहान घे.” माझी बायको बुरुलकान आतून ओरडली, “अहो, एजे बरोबर सांगतायत!” बायकोचं आणि झूरा एजेचं एकमत ही आमच्या गल्लीतली सुप्रीम कोर्टाची शेवटची पायरी आहे. मी लहानातली लहान जागा घेतली. एका वेळी पंचवीस माणसं.

तेवढ्यावर भागतंय होय? साइटला कुळाचं नाव द्यायचं तर कुळाच्या समितीचा ठराव हवा, आणि ठरावावर शिक्का हवा. ठराव अर्ध्या तासात झाला. शिक्का मात्र वरच्या कुरणावर गेला होता. म्हणजे शिक्का ज्याच्या खिशात असतो तो खजिनदार मेंढरं घेऊन डोंगरावर गेला होता, आणि जाताना कोट बदलायला विसरला होता. मी कार्यालयातून रजा काढली, भाड्याच्या घोड्यावर सहा तास बसलो आणि वर पोचलो. खजिनदार इतका खूश झाला, की त्याने मेंढरू कापलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाने कापलं. तिसऱ्या दिवशी घोडीच्या आंबवलेल्या दुधाने माझं पोट असं बिघडलं, की शिक्का मारताना मी आडवा होतो आणि कागद माझ्या छातीवर ठेवला होता. आठवडाभर मला खुर्चीवर बसता येत नव्हतं. या सगळ्याची साइटवर कुठेही नोंद नाही.

आणि मग माझ्या हातून ते पाप झालं.

नावं भरायचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. चार हजार नावं एका बोटाने. शेवटी आमची स्वतःची शाखा आली. नुरिलापासून मोजत मोजत सहाव्या पिढीला पोचलो, तर तिथे बोपुश. या बोपुशबद्दल जगाला एवढंच ठाऊक आहे, की तो दुसऱ्यांची मेंढरं राखायचा. ना घोडा, ना लढाई, ना एखादी बरी म्हण. इतरांचे सहावे बघा, कुणी किल्ला घेतला, कुणी खानाला तोंडावर उत्तर दिलं. आणि आमचा बोपुश. दुसऱ्यांची मेंढरं. मी साइटचा संस्थापक, ठरावात माझं नाव, आणि लोक माझंच पान आधी उघडणार.

माणूस हळूहळू घसरतो म्हणतात, मी एका बोटाने घसरलो. शेजारच्या एका शाखेत एश्तेक नावाचा न्यायाधीश होऊन गेला. दोन टोळ्यांचं वैर त्याने एका वाक्यात मिटवलं होतं. त्याचा वंश पुढे खुंटला, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. म्हणजे पूर्वज पहिल्या दर्जाचा, आणि वर हक्क सांगायला कुणी नाही! मोकळा प्लॉटच म्हणा ना. मी बोपुशला खोडलं आणि त्या जागी एश्तेकला बसवलं. भूमापन खात्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला निलंबित केलं असतं.

हिवाळा गेला. साइट चालू झाली. दिवसाला तीसेक माणसं येत होती, तीही फुरसतीने, आणि पंचवीसची जागा ओस पडली होती. झूरा एजे जाता येता विचारायची, “काय मुकाश, गर्दी आवरतेय ना?”

जूनमध्ये नुरिलाने सांगितलं, की तिला कोचकोरचा बेक्तुर आवडतो. मुलगा पशुवैद्य, बोलायला साधा, आणि तिच्याकडे बघताना त्याचे कान लाल होतात. मला इतका आनंद झाला की मी रागावल्याचं सोंग करायचंसुद्धा विसरलो. लग्नाचं वय उलटत चाललंय म्हणून बुरुलकान दोन वर्षं झोपेत उसासे टाकत होती, तिचे उसासे त्या दिवशी थांबले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तोंडी हिशेब लावला. आपल्या शाखा नऊ पिढ्यांमागे फुटल्या, काही अडचण नाही. मुलीच्या कानात डूल घालून लग्न पक्कं करायचा दिवस ठरला. दोनशे चाळीस पाहुणे.

आता गप्प बसावं की नाही? पण साइट ओस पडल्याचं शल्य माझ्या मनात होतं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “त्या दिवशी एक गोष्ट करू. पांढऱ्या दाढीच्या अक्सकालांचा आशीर्वाद झाला, की सगळ्यांनी मिळून साइट उघडायची, दोघांची नावं टाकायची, आणि ‘नववी पिढी’ हे उत्तर सगळ्यांनी एकदम बघायचं!” लोक खूश झाले. मुलाकडच्यांची नावं उशिरा आली, ती नुरिलाने भरली. मी मुद्दाम बघितली नाहीत. आशीर्वादाआधी ताटाला हात लावत नाहीत.

आयदायला कळवलं तर तिचा शांतपणा पहिल्यांदा ढळला. “दोनशे चाळीस? एकदम? आगा, पंचवीसच्या जागेत? मोठी योजना घ्या. साइट कोसळेल.”

“अगं, पंगतीत थोडं मागेपुढे होतंच,” मी म्हणालो. हे मी बोललो! आमच्याकडे पंगतीत मागेपुढे होत नाही. अक्सकाल तळहात उघडून आशीर्वाद देतात, तोवर कुणी भाकरीचा तुकडाही मोडत नाही. ‘ओमिन’ म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवला, की चारशे ऐंशी हात एकदम सुटतात. जगातल्या कुठल्याही सर्व्हरने अशी पंगत बघितली नसेल.

तो दिवस उजाडला. हॉल भरला. नुरिला पांढऱ्या ओढणीत बसली होती, बेक्तुरचे कान लाल होते. व्याही ओस्मोनाली, बेक्तुरचे वडील, बोलायला उठले. गोड माणूस. म्हणाले, “आमची शाखा लहान. लोक समजायचे आमचा वंश खुंटला. पण आमचा खापरपणजा डोंगर ओलांडून कोचकोरला आला आणि आम्ही टिकलो. आज मी अभिमानाने सांगतो, बेक्तुरपासून सहावा पुरुष म्हणजे न्यायाधीश एश्तेक!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला आणि तो गरम होता हे मला संध्याकाळी कळलं.

सहावा एश्तेक. तिकडेही सहावा, इकडेही सहावा. आता आशीर्वाद होणार, अख्खा हॉल बटण दाबणार, आणि माझी साइट, माझ्या शिक्क्यानिशी, सांगणार की वधूवर भाऊबहीण लागतात. लग्न मोडणार. मी उठून खरं सांगावं? “मंडळी, मी माझा आजा बदलला”? मग अशा माणसाच्या घरात मुलगा कोण देणार? आणि नाही सांगितलं तरी मोडणारच. मी नुरिलाकडे बघितलं. ती हसत होती. पोरी, तुझ्या बापाने तुझा संसार एका बोटाने बुडवला, असं मनात आलं.

तेवढ्यात मला आयदायचे शब्द आठवले. साइट कोसळेल. पंचवीसची जागा, आणि दोनशे चाळीस माणसं! बुरुलकान, झूरा एजे, तुमच्या तोंडात साखर पडो! जन्मात पहिल्यांदा मला कंजुषीचा अर्थ कळला.

एवढ्यात जेनाली माझ्या कानाशी आला. त्याचे डोळे पाणावले होते. “मुकाश, तुझी लाज जाऊ देईन का मी? काल बिश्केकला फोन केला. तुझी कढई मोठी करून घेतली. एका वेळी दोनशे! माझ्याकडून पोरीला आहेर.”

मी त्याला मिठी मारली, कारण नाही तर गळा धरला असता.

आता हिशेब बघा. दोनशेची जागा. पाहुणे दोनशे चाळीस, त्यात साठ-सत्तर म्हातारे, ज्यांच्याकडे बटणांचे फोन. म्हणजे साइट तग धरणार! मला भार हवा होता. लोक होस्टिंग घेतात ते भार सोसायला, आणि मी ते पाडायला माणसं शोधत होतो. मी उभा राहिलो.

“मंडळी! एकही माणूस मागे राहता कामा नये! ज्यांच्याकडे दोन फोन असतील त्यांनी दोन्ही काढा! मॉस्कोच्या भावंडांना लावा, येकातेरिनबुर्गला लावा! त्यांनाही सांगा, ओमिन ऐकलं की दाबा! आचाऱ्यांना बोलवा! ड्रायव्हर बाहेर का बसलेत? त्यांना आपलं कोणी नाही का?”

हॉलमध्ये कौतुकाची लाट आली. ओस्मोनालींनी डोळे पुसले. “काय मोठ्या मनाचा व्याही मिळाला!” ते शेजाऱ्याला म्हणाले. “ड्रायव्हरांचीसुद्धा आठवण!”

मागून एक तरुण ओरडला, “आगा, उघडली पण साइट! काय भारी पळतेय!”

“बंद कर!” मी असा खेकसलो, की वाढपी थबकले. “आशीर्वादाआधी हात लावतोस? हेच शिकवलं आईने? सगळ्यांनी एकदम! बरोब्बर एकदम!”

कालमुर्झा अक्सकाल, वय एक्क्याण्णव, यांनी तळहात उघडले. एरवी त्यांचा आशीर्वाद लांबतो म्हणून पोरं कुजबुजतात. त्या दिवशी त्यांनी मेंढरांपासून नातवंडांपर्यंत सगळं मागून घेतलं, आणि मी खाली मान घालून मागत होतो, देवा, अजून दोन फोन, अजून एक मावशी.

“ओमिन!”

हात चेहऱ्यावरून फिरले आणि सगळे अंगठे एकदम पडले.  मी डोळे मिटले.

“काही येत नाहीये,” कुणीतरी म्हणालं. “माझंही पांढरं.” “मॉस्कोलाही पांढरं!” मग अक्षरं उमटली. एका पोराने ती मोठ्याने वाचली, “जागा नाही. कृपया नंतर या.”

नारीनच्या माणसाच्या दारात, शिक्क्यानिशी, पाहुण्यांना ‘जागा नाही’! माझे वाडवडील थडग्यात कुशीवर वळले असतील, बोपुश सोडून. आणि खरं सांगतो, आयुष्यात मी इतका सुखावलो नव्हतो.

“थांबा, माझ्या फोनवर चाक फिरतंय!” झूरा एजे ओरडली. “काहीतरी येतंय गं बाई!” माझा जीव टांगणीला लागला. तिने फोन लांब धरला, जवळ धरला. “डोंगराचं चित्र आलं अर्धं. आणि गेलं.”

जेनाली डोकं धरून खाली बसला. “कढई कमी पडली, मुकाश! माझी कढई कमी पडली!”

“पडू दे रे, पडू दे,” मी त्याची पाठ थोपटत म्हणालो. लोकांना माझा धीर बघून नवल वाटलं.

कालमुर्झा अक्सकाल हसले. “पाहुणे जास्त आणि भांडं लहान, हा शकुन वाईट नाही. तोंडं आहेत ना? पोरांनो, उभे राहा. एकेक नाव घ्या.”

माझं सुख तिथेच गोठलं. कारण हिवाळाभर चहाच्या वेळी मी घरात ‘आपला एश्तेक, आपला एश्तेक’ करत होतो. पोरीने ऐकलं असणारच.

दोघं उभे राहिले. बेक्तुर एक नाव घ्यायचा, नुरिला एक. पहिलं, दुसरं, तिसरं. लोक बोटं दुमडत मोजत होते. चौथं. पाचवं. बेक्तुर म्हणाला, “एश्तेक.” नुरिलाने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, “बोपुश. मेंढरं राखायचा.”

“बोपुश!” अक्सकाल मान हलवत म्हणाले. “हो, हो. बोपुशच. पुढे.”

सातवं नावही वेगळं निघालं. ओरडा झाला, डूल आले, बेक्तुरच्या आईने ते नुरिलाच्या कानात घातले आणि बुरुलकान इतकी रडली, की मला रडायला रुमालच उरला नाही. मग मांस आलं, आणि कढया पुरल्या.

जेवणं आटोपतायत तोवर मी अंगणात सटकलो. गर्दी ओसरली होती, साइट पुन्हा उठून बसली होती. कुणी बघायच्या आत एश्तेकला काढायचं म्हणून मी घाईघाईने आमचं पान उघडलं. सहाव्या जागी लिहिलेलं होतं, बोपुश. बदल केल्याची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

मी ते नाव पुन्हापुन्हा वाचत उभा राहिलो. म्हणजे साइट चालली असती तरी काही बिघडलं नसतं. उलट ‘नववी पिढी’ असं झळकलं असतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि मी ड्रायव्हर गोळा करून स्वतःच्याच दाराला कुलूप ठोकलं होतं.

मागे डुलांचा आवाज आला. नुरिला होती.

“माझं लग्न आहे, बाबा,” ती म्हणाली. “मी तपासून बघणार नाही?”

“मग मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.  “तीन आठवडे! आणि आज मी आत हॉलमध्ये मरत होतो.”

“मला काय माहीत तुम्ही एश्तेकमुळे घाबरलात ते? मला वाटलं, ड्रायव्हरांना बोलावताय म्हणजे खूप आनंद झालाय.” ती हसली, मग थांबली. “सांगितलं असतं तर तुम्ही खजील झाला असता. म्हटलं, गुपचूप बदलून टाकू.”

 बोपुशची माफी मागावी की हिची, ते कळेना. “तो अगदीच साधा होता गं,” मी कसंबसं म्हणालो. “म्हणून काढला.”

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि माझ्या खिशात ठेवला.

“एश्तेकची असते तर मला बेक्तुर मिळाला असता का, बाबा?” ती म्हणाली. “बोपुशची आहे, म्हणून तर मिळाला.”